टाका किती लहान ते सांगू नका, आत काय ठेवलं ते सांगा

पोस्ट मोठी आहे. विषय बायकांचा आहे, पण लिहितोय पुरुषांसाठी. दवाखान्यात ज्या कागदावर आपण अर्ध्या मिनिटात सही करून मोकळे होतो, त्या कागदाबद्दल आहे. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आपल्या जिल्ह्यात कुठल्याही रस्त्यानं फिरा, दवाखान्यांचे मोठमोठे बोर्ड दिसतात. "गर्भाशयाच्या गाठींवर दुर्बिणीद्वारे उपचार. मोठा टाका नाही, फार दुखणं नाही, दोन दिवसांत घरी." बोर्ड खोटा नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोट फाडावं लागत नाही, रक्त कमी जातं, माणूस लवकर उठून बसतं. हे सगळं खरं आहे. पण बोर्डावर एक गोष्ट नसते. गाठ काढणार, की गाठीसकट पिशवीच काढणार?

ही दोन वेगळी ऑपरेशनं आहेत. एकात फक्त गाठ काढतात आणि गर्भाशय शिवून जागेवर ठेवतात. दुसऱ्यात गर्भाशयच बाहेर येतं. दोन्ही त्याच तीन-चार छोट्या छिद्रांतून होतात. बाहेरून पट्ट्या सारख्याच दिसतात. आणि आपण खुळ्यासारखे पट्ट्या मोजत बसतो.

मीही मोजल्या. सुरुवात माझ्यापासूनच करतो.

नऊ वर्षांपूर्वी माझी आक्का ३७ वर्षांची होती. पाळी दहा-दहा दिवस चालायची. हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. तालुक्याच्या गावात एका दवाखान्यात सोनोग्राफी झाली, गाठी निघाल्या. डॉक्टर म्हणाले, "उद्या कॅन्सर झाला म्हणजे? मुलं झालीत न्हवं? मग पिशवीचं काय लोणचं घालायचंय?" दाजींनी माझ्याकडं बघितलं. घरात चार बुकं शिकलेला, पेपरात काम करणारा मीच. मी म्हणालो, "काढून टाकूया. एकदाची ब्याद जाईल." आक्का तेव्हा बाहेर बाकड्यावर बसली होती. तिला आत बोलवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. तिची सही नंतर घेतली. दाजींनी जिथं बोट ठेवलं तिथं तिनं केली.

ऑपरेशन दुर्बिणीनं झालं. पोटावर तीन पट्ट्या. तिसऱ्या दिवशी घरी. मी चार लोकांना कौतुकानं सांगत सुटलो, बघा विज्ञान कुठं पोचलंय!

चाळिशीच्या आतच तिला रात्री घाम फुटायला लागला. झोप उडाली. गुडघे धरले. "वय झालं" म्हणून आम्ही हसण्यावारी नेलं. गेल्या पावसाळ्यात परड्यात पाय घसरला आणि मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरांनी जुनी फाईल मागितली. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं, गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय काढले. मागं लॅबचा रिपोर्ट टाचलेला. साधी गाठ, कॅन्सर नाही. अंडाशयात दोष नाही.

अंडाशय काढणार हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं. ती फाईल नऊ वर्षं कपाटात पडून होती. मी रोज दुसऱ्यांची कागदपत्रं उकरून बातम्या काढतो आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या फाईलचं दुसरं पान उलटलं नाही. मनगट त्याच्यामुळंच मोडलं असं मी म्हणणार नाही, पाय कुणाचाही घसरतो. पण कमी वयात दोन्ही अंडाशय काढले की पाळी एका दिवसात कायमची बंद होते, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्र सांगतं. तिला हे माहीत असायला हवं होतं. निर्णय तिचा असायला हवा होता.

आता त्या "कॅन्सर होईल" या वाक्याकडं येतो. कारण निम्म्या सह्या याच वाक्यावर होतात.

फायब्रॉईड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूची वाढलेली गाठ. पन्नाशीपर्यंत बहुसंख्य बायकांना लहानमोठी गाठ झालेली असते आणि कित्येकींना ती कधी कळतही नाही. पाळी गेली की बहुतेक गाठी आपोआप आकसतात. साधी गाठ पुढं कॅन्सर होते असं मानलं जात नाही. सार्कोमा हा कॅन्सर वेगळा, दुर्मिळ, पण सोनोग्राफीत तो कधीकधी साध्या गाठीसारखाच दिसतो, ही खरी अडचण. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१४ मध्ये अंदाज मांडला होता की गाठींसाठी ऑपरेशन होणाऱ्या ३५० बायकांमागं एकीमध्ये असा लपलेला कॅन्सर सापडू शकतो. म्हणजे ऑपरेशनपर्यंत पोचलेल्यांतही ३४९ जणींना तो नसतो. पाळी गेल्यावरही गाठ वाढत असेल तर सावध व्हायलाच हवं. पण ३७ वर्षांच्या बाईला कॅन्सरचं नाव घेऊन घाबरवणं याला सल्ला म्हणत नाहीत.

मग उपाय काय? गाठ कुठं आहे, केवढी आहे आणि बाईला त्रास काय आहे, यावर ते ठरतं. त्रास नसेल तर काहीही करायचं नाही, नजर ठेवायची. रक्त जास्त जात असेल तर गोळ्या आहेत, लोहाची इंजेक्शनं आहेत, काहींना हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी वस्तू गर्भाशयात बसवून उपयोग होतो. गाठ गर्भाशयाच्या पोकळीत डोकावत असेल तर खालच्याच मार्गानं बारीक दुर्बीण घालून ती खरवडून काढतात, पोटावर एक टाकासुद्धा नाही. याला हिस्टेरोस्कोपी म्हणतात. गाठ भिंतीत किंवा बाहेरच्या बाजूला असेल तर पोटावरच्या छिद्रांतून दुर्बिणीनं गाठ सोलून काढतात आणि भिंत थरावर थर शिवतात. याला म्हणायचं लॅप्रोस्कोपिक मायोमेक्टॉमी. मांडीतल्या किंवा मनगटातल्या रक्तवाहिनीतून नळी घालून गाठीचं रक्त तोडण्याचाही उपाय आहे. आणि शेवटचा उपाय म्हणजे गर्भाशय काढणं. हिस्टरेक्टॉमी.

शेवटचा उपाय आपल्याकडं पहिला झालाय. माझं भांडण एवढंच आहे.

आणि हे काही काल निघालेलं नवीन तंत्र नाही. जर्मनीच्या कुर्ट सेम यांनी दुर्बिणीनं गाठी काढायला सुरुवात केली ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस. त्याच्याही आधी, शंभर वर्षांपूर्वी, लंडनमध्ये व्हिक्टर बॉनी नावाचे सर्जन होते. त्यांच्या पत्नीचं गर्भाशय लग्नानंतर लवकरच गाठींमुळं काढावं लागलं, मूल झालं नाही. त्या माणसानं पुढं हयातभर गर्भाशय राखून गाठी काढायचं काम केलं. एकाच गर्भाशयातून दोनशेवर गाठी काढून ते शाबूत ठेवल्याची त्यांची नोंद आहे. तेव्हा दुर्बीण नव्हती, आजच्यासारखी भूल नव्हती, रक्तपेढ्या नव्हत्या. आज हे सगळं आहे, आणि आम्हाला विचारतात काय, तर लोणचं घालायचंय का!

माझे डॉक्टर मित्र आता चिडतील. त्यांची बाजूही मांडतो, कारण ती खोटी नाही. गाठ काढताना रक्त जास्त जाऊ शकतं. दुर्बिणीतून भिंत शिवणं हे हातखंड्याचं काम आहे, ते वर्षानुवर्षं शिकावं लागतं. गाठी पुन्हा होऊ शकतात. पुढच्या बाळंतपणात सिझेरियन लागू शकतं. मोठी गाठ छोट्या छिद्रातून काढायची तर तिचे आतच तुकडे करावे लागतात. त्यात लपलेला कॅन्सर असेल तर तो पोटभर पसरू शकतो, म्हणून २०१४ मध्ये अमेरिकेनं तुकडे करणाऱ्या यंत्राबद्दल इशारा दिला आणि तेव्हापासून गाठ आतल्या आत थैलीत घालून तुकडे करायची पद्धत रुळत गेली. आणि काही बायकांना खरंच गर्भाशय काढावं लागतं. सगळे उपाय थकले, गाठी अतोनात आहेत, कॅन्सरची पक्की शंका आहे, किंवा बाईनं स्वतः सगळं समजून घेऊन तेच निवडलंय. अशा ठिकाणी डॉक्टर योग्यच करतात आणि तेही दुर्बिणीनं झालं तर उत्तमच.

पण डॉक्टरसाहेब, हे सगळं तुम्ही पेशंटला सांगता का? की "मला शिवायला वेळ लागतो" याचं भाषांतर "तुला कॅन्सर होईल" असं करता? तुम्हाला ते ऑपरेशन जमत नसेल तर त्यात कमीपणा नाही. सगळ्यांना सगळं येत नाही. चिठ्ठी लिहून जमणाऱ्याकडं पाठवा. पेशंट हातचा जाईल म्हणून अवयव काढायचा, हे कुठल्या शपथेत बसतं?

दुसरं एक उत्तर नेहमी येतं. "अहो, बायकाच येऊन सांगतात, काढून टाका म्हणून." हेही खरं आहे. पण का सांगतात, ते बघायला दवाखान्याबाहेर यावं लागेल. तुमच्या-माझ्या शिवारात.

दसरा-दिवाळी झाली की बीडकडच्या टोळ्या आपल्याकडं उतरतात. करवीर, शिरोळ, हातकणंगले, कुठंही जा, फडाच्या कडेला पाचटाच्या खोपी दिसतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, ती फेडायची. एक दिवस पडून राहिलं की खाडा, म्हणजे मजुरी बुडते आणि वर दंड. पहाटे उठून तोडायचं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. संडास नाही, न्हाणीला आडोसा नाही, पाणी लांबून आणायचं. यात दर महिन्याला दहा दिवस अंगावरून जात असेल तर ती बाई काय म्हणेल? काढून टाका म्हणेल. ही तिची इच्छा नाही, हा तिचा हिशेब आहे.

या हिशेबाचे आकडे सरकारदरबारी आहेत. जून २०१९ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं की बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे सहा बायकांमागं एक. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या देशभरच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं, आणि त्यातलीही दोन तृतीयांश ऑपरेशनं खासगी दवाखान्यांत झालेली होती.

बीडची बातमी म्हणून आपण ती वाचली आणि पान उलटलं. पण त्या बायका राबल्या कुठं? कुणाच्या उसात? ऊस परिषदेला जयसिंगपूरला आपण हजारोंनी जमतो, पहिली उचल किती यावर रस्ते अडवतो, टायरी पेटवतो. आपल्या तोंडी "उचल" म्हणजे हक्काचा पैसा. तिच्या तोंडी "उचल" म्हणजे गळ्यातला फास. शब्द एकच, ऊसही एकच. आपल्या उचलीसाठी आंदोलन होतं, तिच्या उचलीपायी पिशवी जाते.

आणि याच महाराष्ट्रात, पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात मे २०१७ मध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकानं देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं. आईचं गर्भाशय दुर्बिणीनं अलगद सोडवून घेतलं आणि लेकीला बसवलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्या लेकीला मुलगी झाली. आपली मान उंच करणारी गोष्ट आहे, मीही तेव्हा पेपरात लावली होती. ज्या मुक्कामापर्यंत आपली दुर्बीण पोचली तो बघा. आणि त्याच वर्षांत बीडमध्ये काय चाललं होतं तेही बघा. कौशल्य नाही असं कुणी म्हणू नये. कौशल्य आहे. ते कुणासाठी वापरायचं हे खिसा बघून ठरतं.

कायदा काय म्हणतो? बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अशाच प्रकारांवर डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. दहा वर्षांनी, ५ एप्रिल २०२३ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं निकाल दिला. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्रानं केलेली मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत. त्यात राष्ट्र, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या आहेत. बीडमध्ये तर २०१९ नंतर खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली गेली.

आता कोल्हापूरचं बोलू. हे शाहू महाराजांचं गाव. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बाई डॉक्टर झालेली लोकांना खपत नव्हती, तेव्हा इथं डॉ. कृष्णाबाई केळवकर आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये बायकांवर उपचार करत होत्या. तेच हॉस्पिटल म्हणजे आजचं सीपीआर. त्या गावात माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत.

पहिली. चाळिशीच्या आतल्या किती बायकांची गर्भाशयं काढली, कोणत्या कारणानं, सरकारी किती, खासगी किती, याचे जिल्ह्याचे आकडे दर तीन महिन्यांनी जाहीर करा. नावं नकोत, आकडे द्या. आम्ही छापतो.

दुसरी. सीपीआरमध्ये गर्भाशय राखून गाठी काढायची ऑपरेशनं ठरलेल्या वारी, नियमित व्हावीत आणि तालुक्यातून चिठ्ठी घेऊन येणाऱ्या बाईला तारीख मिळावी. हिस्टेरोस्कोपीची दुर्बीण ही श्रीमंतांची चैन नव्हे.

तिसरी. कारखान्यांनी टोळीच्या तळावर संडास, पाणी आणि पंधरवड्याला बाई डॉक्टरची फेरी द्यावी, आणि आजारपणाचा खाडा बंद करायला मुकादमाला भाग पाडावं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगारांचं महामंडळ आहे, त्यासाठी टनामागं १० रुपये घ्यायचं ठरलंय. तो पैसा फडावर दिसू दे.

चौथी मागणी सरकारकडं नाही, तुमच्या-माझ्याकडं आहे. घरातल्या बाईला "पिशवी काढा" असं कुणी सांगितलं तर सही करण्याआधी हे पाच प्रश्न विचारा. ती आत असताना, तिच्यासमोर. जमलं तर तिलाच विचारू द्या.

१. गाठ नेमकी कुठं आहे आणि किती सेंटिमीटरची?
२. काहीच नाही केलं तर काय होईल? पाळी जायला किती वर्षं राहिलीत?
३. फक्त गाठ काढता येईल का? तुम्ही करता का, नसल्यास कोण करतं?
४. पिशवी काढायचीच तर अंडाशय ठेवणार का? काढणार असाल तर का?
५. लॅबचा रिपोर्ट कधी मिळेल आणि तो मराठीत समजावून कोण सांगेल?

तातडी नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. आपण म्हैस घेताना चार जणांना विचारतो. ट्रॅक्टर घेताना तीन शोरूम फिरतो. बायकोचा अवयव काढायला एकाच माणसाचं एक वाक्य पुरतं आपल्याला.

ही पोस्ट आत्ताच का लिहिली, तेही सांगतो. गेल्या महिन्यात आक्काच्या मुलीला, माझ्या भाचीला, तोच त्रास सुरू झाला. वय २६, लग्नाला दोन वर्षं. गाठी घराण्यात चालतात म्हणतात. सोनोग्राफीत अडीच सेंटिमीटरची गाठ, गर्भाशयाच्या पोकळीत आलेली. या वेळी डॉक्टरांसमोर मी बोललो नाही. आक्का बोलली. प्लास्टर नुकतंच निघालेला हात पदराखाली धरून तिनं एकेक प्रश्न विचारला. डॉक्टर बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. हिस्टेरोस्कोपीनं गाठ काढली, पोटावर ओरखडासुद्धा नाही, दुसऱ्या दिवशी पोरगी घरी.

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा सगळ्यांनी विचारलं, "बरी आहे न्हवं?" आक्कानं विचारलं, "काय काढलंसा आणि काय ठेवलंसा, तेवढं सांगा."

तिच्यासाठी हा प्रश्न मी नऊ वर्षांपूर्वी विचारायला पाहिजे होता. नाही विचारला. तुम्ही विचारा.

(पोस्ट शेअर करा, कॉपी करा, माझं नाव नाही टाकलं तरी चालेल. गावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते पाच प्रश्न तेवढे जरूर टाका.)